नदीच्या वाळवंटात तंबू विकणाऱ्या शेठजींस

शेठ,

तुमच्या छावणीतल्या त्या बाभळीखाली तुम्ही स्वतः कधी उभे राहिला आहात का? नदीकडून मोजत आलं की तिसरी. तिच्या बुंध्याशी तुम्ही चार खुर्च्या आणि शेकोटीचं घमेलं मांडलंय, फांद्यांना दिव्यांची माळ गुंडाळलीय. रात्रीच्या प्रत्येक फोटोत ती माळ येते, तुमच्या जाहिरातीतही तीच आहे. सकाळी दिवे मालवले की त्याच फांदीला आणखी काय लोंबतंय ते दिसतं. वाळक्या गवताचे झुपके, सिमेंटच्या गोणीची चिंधी आणि एका हिरव्या साडीचा जरीचा काठ. वीतभर लांब, गाळाने ताठ झालेला. मी पाच फूट दोन इंच. हात वर केला, टाचा उचलल्या, तरी माझी बोटं त्या काठाला लागली नाहीत.

तुमचा मॅनेजर म्हणाला, वाऱ्याने उडून आलं असेल. शेठ, वारा गवत असं विंचरत नाही. सगळे झुपके फांदीच्या वरच्या अंगाला अडकलेले होते आणि सगळ्यांच्या शेपट्या खालच्या अंगाला, जिकडे नदी वाहते तिकडे. ते पाण्याचं काम आहे. पावसाळ्यात नदी त्या फांदीवरून गेली आणि जाताना आपली खूण बांधून गेली. तुम्ही त्याच खुणेवर दिवे लावलेत आणि त्याखाली माणशी साडेतीन हजार रुपयांना माणसं झोपवलीत.

त्या माणसांत माझी चौऱ्याहत्तर वर्षांची आई होती, दादा-वहिनी होते आणि अकरा नि आठ वर्षांची माझी दोन भाचरं होती. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. चार पिढ्या इथेच गेल्या. डिसेंबरात मुलांना सुट्टी होती. आईला गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीचं दर्शन घ्यायचं होतं आणि मुलांना तंबूत राहायचं होतं. तुमच्या जाहिरातीत दोन्ही बसत होतं. 'नर्मदेच्या कुशीत एक रात्र, पाण्यापासून फक्त पंधरा पावलं.' ही पंधरा पावलं तुम्ही मोठ्या अक्षरांत छापलीत, कौतुकाची गोष्ट असल्यासारखी. नदीकाठी तंबू कुठे ठोकावा हे ज्याला कळतं, तो हा आकडा वाचून तिथूनच परत फिरला असता. आम्ही फिरलो नाही. ती चूक मी माझ्या पदरात घेते. पण ती जागा आम्ही निवडली नव्हती, शेठ, ती तुम्ही निवडली होतीत. आम्ही फक्त तुमच्यावर विश्वास ठेवला.

रात्री दोनच्या सुमाराला कोणीतरी तंबूचं कापड बाहेरून थोपटलं. तुमचा माणूस नव्हता तो. तुमची माणसं काठावरच्या खोलीत झोपली होती, उंचावर, कोरड्यात. तो एक नावाडी होता. त्याची नाव तुमच्या छावणीच्या खालच्या अंगाला बांधलेली असते. विजेरी खाली धरून तो हलक्या आवाजात म्हणाला, "बेन, उठो. पाणी वधे छे. बाने पहेलां काढो." आईला आधी काढा. मी खाली पाय टाकला तर सतरंजी कोरडी. समोर नदीकडे पाहिलं तर काही वेगळं दिसेना, पाणी अजून चार पावलं लांब होतं. मला वाटलं, तो उगाच घाबरवतोय. त्याने विजेरी मागे फिरवली, काठाच्या बाजूला. संध्याकाळी ज्या घोटाभर सोतातून आम्ही चपला हातात घेऊन हसत आलो होतो, तिथे आता काळं पाणी धावत होतं.

हे तुम्हाला ठाऊक असायला हवं होतं, कारण तुमचा धंदाच त्या वाळूवर उभा आहे. भाठ्यावर, म्हणजे नदीतल्या वाळूच्या पट्ट्यावर, पाणी समोरून येत नाही, मागून येतं. नदीच्या मधला वाळूचा उंचवटा शेवटी बुडतो. त्याच्या आणि काठाच्या मधली सखल नाळ आधी भरते. झोपलेल्या माणसाला जाग येते तेव्हा त्याची जागा कोरडी असते आणि परतीची वाट गेलेली असते. दादाने आईला पाठुंगळी घेतलं. मांडीएवढ्या पाण्यातून, नावाड्याच्या बांबूला धरून, आम्ही एकामागून एक काठ गाठला. धाकटी भाची रडत नव्हती. तिने आत्याचा, म्हणजे माझा, दंड इतका घट्ट धरला होता की तिच्या नखांचे वण मला चार दिवस पुरले. आईला थंडी भरली होती. ती एवढंच म्हणाली, "मैयाने सोडलं गं."

मैयाने सोडलं, शेठ. तुम्ही मात्र पकडून दिलं होतंत.

सकाळी तुमच्या मॅनेजरने चहाबरोबर खुलासा दिला, "अचानक पाणी आलं." हा 'अचानक' शब्द तुम्ही यापुढे वापरू नका. आपल्या या पट्ट्यात, गरुडेश्वर, तिलकवाडा, करनाळी, चांदोद, पोइचा या सगळ्या गावांत, नर्मदेचं पाणी वाढतं ते आभाळाकडे पाहून नव्हे. वर सरदार सरोवर आहे. धरणाच्या पायथ्याशी, उजव्या काठावर जमिनीखाली, वीजघर आहे. २०० मेगावॉटचे ६ संच, एकूण १,२०० मेगावॉट. ही यंत्रं पूर्ण चालली तर चाळीस हजार क्युसेकच्या घरात पाणी खाली सुटतं. ती चालतात विजेच्या मागणीप्रमाणे. या विजेचा ५७ टक्के वाटा मध्य प्रदेशाचा, २७ टक्के महाराष्ट्राचा, १६ टक्के गुजरातचा. म्हणजे दिवे शेकडो मैलांवर लागतात आणि आभाळ कोरडं ठणठणीत असताना, ऐन थंडीत, चांदण्या रात्री पाणी इथे चढतं. नावाड्याला हे ठाऊक आहे, तो रोज नावेचा दोर त्या हिशेबाने सैल सोडतो. काठावर म्हशी धुणाऱ्या पोराला ठाऊक आहे. माणशी साडेतीन हजार घेणाऱ्या तुम्हाला ते ठाऊक नव्हतं, हे मी कसं मानू? आणि ठाऊक असून सांगितलं नसेल, तर त्याला काय म्हणायचं ते तुमचं तुम्हीच ठरवा.

हे झालं रोजचं पाणी. मोठं पाणी तर सगळ्यांनी पाहिलंय. १७ सप्टेंबर २०२३ ला धरणातून १८ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं. चांदोदचा मल्हारराव घाट बुडाला, गल्ल्यांत नावा फिरल्या, भरूचला गोल्डन ब्रिजपाशी नदी ४० फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी २४ फूट आहे. त्या दिवशी तुमची तिसरी बाभळ शेंड्यासकट पाण्याखाली असणार.

चांदोदच्या घाटाकडे एकदा ग्राहक म्हणून नको, धंदेवाला म्हणून बघा. इतक्या पायऱ्या कोणी हौसेने बांधल्या नाहीत. नर्मदेकाठचं जुनं गाव पात्राला चिकटून बसत नाही, ते कड्यावर असतं. नदीपाशी रोज जायचं, स्नान करायचं, घागर भरायची आणि झोपायला वर परतायचं. ज्यांनी ही गावं वसवली त्यांनाही नदी आवडत होतीच. नदीच्या आवाजात झोप छान लागते हे तुमच्या आधी हजार वर्षं लोकांना कळलेलं होतं. तरी ते पायऱ्या चढून वर जात होते.

तुम्ही म्हणाल, धरणातून पाणी सोडायच्या आधी भोंगा वाजतो, गावोगाव निरोप जातो. जातो ना. पण तो कोणाला जातो? सरपंचाला, तलाटीला, घाटावरच्या पुजाऱ्याला. तुमची छावणी कोणत्या गावाच्या दप्तरात आहे? तिथल्या तंबूत आज रात्री किती माणसं झोपलीत, हे तुमच्या वहीशिवाय कुठे लिहिलेलं आहे? त्या वहीत माझ्या आईचं वयसुद्धा लिहून घेतलं नव्हतं. शाकाहारी की जैन, तेवढं मात्र विचारलं होतंत.

निरोप पोचला नाही की काय होतं, ते हिमाचलात झालेलं आहे. ८ जून २०१४ ची संध्याकाळ, मंडी जिल्हा, बियास नदी. हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुलं सहलीला आली होती. पाणी कमी होतं, दगड उघडे होते, मुलं फोटो काढायला पात्रात उतरली. वरच्या लारजी प्रकल्पातून पाणी सुटलं. २४ विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचा एक सहल-सहायक वाहून गेले. ती मुलं दंगा करत नव्हती, पोहायला खोल पाण्यात गेली नव्हती. ती घोटाभर पाण्यात दगडांवर उभी होती. त्या दगडांवर संध्याकाळी पाणी येतं, हे सांगणारं त्यांच्याबरोबर कोणी नव्हतं. शेठ, आमच्या बाबतीत सांगणारा एक नावाडी निघाला, ज्याला तुम्ही एक पैसा देत नाही. आमच्यात आणि त्या मुलांच्यात फरक तेवढाच.

तुम्हाला वाटेल, या बाईला तंबूचंच वावडं आहे. तसं नाही. आम्हा मराठी माणसांना तंबू, राहुटी, पाल परके नाहीत. दरवर्षी लाखो वारकरी आळंदी-देहूहून पंढरपुरापर्यंत रोज नव्या तळावर मुक्काम करत जातात. आणि नदीकाठी कुठे उतरायचं याचा सगळ्यात मोठा धडाही पंढरपुरातच मिळतो. पिढ्यान्‌पिढ्या राहुट्या चंद्रभागेच्या वाळवंटात पडत. मग नदीतल्या घाणीचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला, वाळवंटात राहुट्या ठोकण्यावर बंधनं आली आणि नदीपलीकडे ६५ एकरांचा तळ वारकऱ्यांसाठी तयार झाला. तिथे नळ आहेत, शौचालयं आहेत. आजही आषाढीच्या दिवसांत उजनी किंवा वीर धरणातून पाणी सुटणार असेल तर वाळवंट आधी मोकळं करतात. विठ्ठलाच्या दारात, भक्तीने आलेल्या माणसालाही तिथे सांगितलं जातं की बाबा रे, इथे स्नान कर, कीर्तन कर, पण झोपायला वर जा. तुमच्याकडे कोण सांगणार?

आणि घाणीचंही बोलायलाच हवं. तुमच्या छावणीत तंबूंमागे पत्र्याची चार शौचालयं आहेत, खाली खड्डा. मी पावलं मोजली, पाण्यापर्यंत बावीस. तंबूत राहणाऱ्यांचा जगभरचा साधा नियम आहे की शौचाची जागा पाण्यापासून निदान २०० फूट दूर असावी, म्हणजे ऐंशी पावलं तरी. कारण माती गाळते आणि गाळायला तिला अंतर लागतं. वाळू तर नीट गाळतही नाही, ती पाणी नुसतं पुढे ढकलते. त्याच काठावर सकाळी तुम्ही 'नर्मदा स्नान आणि दीपदान' ठेवलं होतं. माझी आई त्या पाण्याने आचमन करते, शेठ. परिक्रमावासी ते पाणी कमंडलूत भरून पितात. चैत्रातल्या उत्तरवाहिनी परिक्रमेला रामपुरा-तिलकवाड्याच्या वाटेवर पुण्या-नाशिकाहून, कोल्हापुराहून माणसं येतात. तीही तुमच्यासारख्यांच्या खालच्या अंगालाच पाणी भरणार.

त्या दिवशी पुण्याहून एक कॅराव्हॅन आली होती. तुमच्या जाहिरातीत 'कॅराव्हॅन पार्किंग उपलब्ध' असं लिहिलेलं. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅनसाठी वेगळं पर्यटन धोरण आणलं, तेव्हापासून अशा गाड्या दिसू लागल्या आहेत. स्वयंपाकघर, बिछाने, पाण्याची टाकी असं सगळं पोटात घेऊन फिरणारी ही अडीच-तीन टनांची गाडी. तिला लागते कठीण, सपाट जमीन, वीज आणि सांडपाणी रिकामं करायला बंद टाकी. तुम्ही तिला दिलीत मऊ वाळू. मागची चाकं अर्धी रुतली. त्या गृहस्थांनी सांडपाणी कुठे सोडायचं विचारलं, तर तुमच्या पोराने हात केला तो झुडपांकडे. रात्री पाणी चढलं तेव्हा ती गाडी हलण्यासारखी नव्हतीच. पहाटे गावातल्या ट्रॅक्टरने ती ओढून काढली आणि ट्रॅक्टरवाल्याचे पैसेही त्यांनाच द्यायला लावलेत.

आपण बडोदेकर, शेठ. तुमच्या गाडीची पाटी बडोद्याचीच आहे, मी पाहिली. पाण्याबद्दल अज्ञान दाखवण्याची सोय आपल्याला उरलेली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री ३५ फुटांवर गेली, अर्धं शहर दोन-तीन दिवस पाण्यात होतं आणि त्या तीन दिवसांत वनखात्याने लोकवस्तीतून दोन डझन मगरी पकडल्या. गच्चीवर बसलेली मगर आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली. आपल्या शहरातून वाहणाऱ्या नदीत चारशेच्या वर मगरी आहेत, आजवा तलावात आहेत, नर्मदेत आहेत. केवडियाला ज्या तळ्यात सी-प्लेन उतरवायचं ठरलं, तिथून २०१९ साली वनखात्याने पिंजरे लावून मगरी हलवल्या. त्याच परिसरात तंबूंचं शहर उभं आहे.

मगर वाईट नाही. तिच्या सवयी ठरलेल्या आहेत आणि त्या माहीत करून घेणं तुमचं काम आहे. थंडीत सकाळी ती ऊन खायला बाहेर येते, उताराच्या, उघड्या, उबदार वाळूवर. फेब्रुवारी ते एप्रिल मादी अशाच वाळूत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते आणि जूनपर्यंत जवळपास राहून राखण करते. आता तुमच्या जाहिरातीतलं वाक्य पुन्हा वाचा. उताराची, उघडी, उबदार वाळू, पाण्यापासून पंधरा पावलं, हंगाम नोव्हेंबर ते मार्च. तुम्ही आणि मगर एकच जागा, एकाच महिन्यात निवडता. फरक इतकाच की ती आपल्या पिलांसाठी निवडते. आठ वर्षांच्या मुलीला रात्री दात घासायला तुम्ही त्या काठावर पाठवलंत. साधी पाटी नाही, दोर नाही, 'पाण्याच्या कडेला वाकू नका' असं सांगायला माणूस नाही.

परदेशात सगळं नीट असतं म्हणून मी तुम्हाला लाजवत नाहीये. तिथेही तुमचे भाऊबंद आहेत. स्पेनमध्ये बिएस्कास गावाजवळ डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्याच्या तोंडाशी, त्याने आणून पसरलेल्या गाळाच्या सपाटीवर, तंबू-कॅराव्हॅनचा तळ होता. हिरवीगार, सपाट, सुंदर जागा. ती सपाट होती कारण ओढ्यानेच ती केली होती. ७ ऑगस्ट १९९६ च्या संध्याकाळी ओढा आपल्या जागेवर परत आला. ८७ माणसं गेली. आणि ४ जुलै २०२५, अमेरिकेत टेक्सासमधली ग्वादालूप नदी. सुट्टीचा दिवस, काठावर मुलींचं शिबिर, खाली मोटर-घरांचे तळ. पाऊण तासात नदी २६ फूट चढली, पहाटे, सगळे झोपेत असताना. एकट्या त्या शिबिरातल्या मुली आणि त्यांच्या ताया मिळून २७ जणी परतल्या नाहीत. ती बातमी आली त्या रात्री मी भाचीला फोन केला, तिचा आवाज ऐकायचा म्हणून. तिला कारण सांगितलं नाही.

दोन्ही ठिकाणी पाणी किती पडेल हे कोणाला माहीत नव्हतं, हे खरं. पण आलं तर कुठून जाईल, हे जमिनीवर लिहिलेलं होतं. जशी तुमच्या बाभळीवर साडी लिहिलेली आहे.

महाराष्ट्रात नद्यांना दोन पूररेषा आखतात, निळी आणि लाल. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. पुण्या-सांगलीत घर घेताना लोक आता त्या विचारतात. तंबू घेताना कोणी विचारत नाही, कारण तंबू म्हणजे एका रात्रीची गोष्ट. पाणी यायलाही एकच रात्र लागते. नकाशा नसेल तरी जागा बोलते, शेठ, फक्त नदीकडे तोंड करून बसायच्या आधी पाठ फिरवून काठाकडे पाहायला हवं. झाडांच्या सालीवर गाळाची फिकट रेघ कुठवर आहे? फांद्यांत काय अडकलंय? पायाखाली वाळू-गोटे आहेत की जुनी माती, त्यावर पाच-दहा वर्षांचं झाड उभं आहे का? मागे सखल नाळ आहे का? वर धरण आहे का, आणि त्याची खबर मला कोण देणार? कड्यावर उतरायचं तर कडेपासून निदान कड्याच्या उंचीइतकं मागे, कारण नर्मदा नि मही दोघींचे काठ खालून पोखरतात आणि कोतरांची, म्हणजे घळींची, माती न सांगता ढासळते. थंडीत तर वर राहण्याचा आणखी एक फायदा. गार हवा जड असते, ती रात्री पात्रात साचते. वीस-पंचवीस फूट चढलं की दव कमी, ऊब जास्त. आईची थंडी तेवढ्यानेही वाचली असती.

आणि अशा जागा इथे नाहीत असंही नाही. राजपिपळ्याजवळ विशालखाडीला करजण जलाशयाच्या वरच्या अंगाला, जांबूघोड्याच्या जंगलात धनपरीला, छोटा उदेपुराकडे केवडीला वनखात्याचे मुक्काम आहेत. तिथे झगमग कमी, जेवण साधं. विशालखाडीला पाणी दिसतं ते वरून, झाडांतून. मुलं तक्रार करतील की पाय बुडवता येत नाहीत. करू देत. सकाळी त्यांना हात धरून खाली न्यावं, पाय बुडवावेत, परत आणावं.

आता ते बोलते, जे लिहायला मला दोनदा पान बाजूला ठेवावं लागलं. १८ जानेवारी २०२४, आपलं हरणी तळं. शाळेची सहल. नावेत क्षमतेपेक्षा जास्त मुलं बसवली, सगळ्यांना लाइफ जॅकेट नव्हतं. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. तळं शहरातलं, पाणी थांबलेलं, हवा स्वच्छ. ना पूर, ना वादळ, ना धरण. पाण्याजवळ मुलांना नेण्याचे पैसे घेणाऱ्यांनी मुलं मोजली नाहीत, एवढंच कारण. बडोद्यात त्या आठवड्यात शाळेच्या फाटकावर आया मुलांना सोडताना हात सोडत नव्हत्या. मी शिकवते, मी ते पाहिलं. पुढे चारच महिन्यांनी, १४ मे ला, पोइच्याला सुरतेहून आलेल्या एका गटातले सात जण नर्मदेत बुडाले, त्यांतही मुलं होती. हे सगळं झाल्यावर, याच जिल्ह्यांच्या हद्दीत, तुम्ही वाळूवर तंबू ठोकलेत आणि लाइफ जॅकेट म्हणून जी चार दाखवलीत त्यांतल्या दोनांचे पट्टे तुटलेले होते. ती भिंतीवर टांगली होती, दिव्यांच्या माळेसारखीच, फोटोपुरती.

तुमच्या कार्यालयातून परवा फोन आला. निम्मे पैसे परत देतो म्हणाले, आणि बदल्यात 'अनुभव छान होता' असं लिहून द्या. निम्मे पैसे तुमच्यापाशीच ठेवा. त्यातून त्या नावाड्याला महिन्याचा पगार सुरू करा, रात्रीच्या पहाऱ्याचा. वीजघराच्या आणि धरणाच्या पाण्याची खबर रोज संध्याकाळी कोणाकडून येते ते त्यालाच विचारा, त्याला नंबर माहीत आहे. तंबू त्या साडीच्या काठाच्या वर न्या, तिच्यापेक्षा उंच, काठावर जिथे तुमची स्वतःची माणसं झोपतात तिथे. शौचालयं मागे सरकवा. वही ठेवा, त्यात प्रत्येक पाहुण्याचं वय लिहा आणि रोज ती तलाटीला दाखवा. हे जमत नसेल तर छावणी बंद करा, उसाचा रस विका, मी पहिली गिऱ्हाईक होईन.

येत्या रविवारी सकाळी मी आणि दादा तिथे येतो आहोत. बरोबर शिडी, वीस फुटी बांबू आणि गेरू आहे. बांबू त्या बाभळीशेजारी रोवून, साडीच्या काठाच्या उंचीला मी गेरूचा पट्टा ओढणार आहे आणि खाली मराठीत, गुजरातीत नि हिंदीत लिहिणार आहे: पाणी इथवर येतं. नावाडी बांबू धरायला कबूल झालाय. तुम्हीही या. शिडी धरायला एक माणूस कमी पडतोय.

दांडिया बाजार, बडोदा येथून,
तंबू क्रमांक सातमधली बाई